डेट्रॉईट पिस्टन्स: 28 पराभव, रिकाम्या खुर्च्या आणि तरीही टिकलेले प्रेक्षक

एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाबद्दल पुण्यात क्रीडा व्यवस्थापन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा: "डेट्रॉईट पिस्टन्स चार वर्षं जवळजवळ तळाशी होते. 2023-24 मध्ये तर सलग 28 सामने हरले. मग एका वर्षात चित्र पालटलं आणि लोक म्हणायला लागले, आपला संघ परत आला. पुनर्बांधणी चालू असताना संघाची ओळख म्हणजे नक्की काय? आणि एवढं हरूनही चाहते कशाच्या जोरावर टिकतात?"

माझी नोकरीची बरीच वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या व्यावसायिक संघांच्या सीझन तिकीट विभागात गेली. पिस्टन्समध्ये कधी नव्हतो, पण त्याच पट्ट्यात होतो. त्यामुळे माझं उत्तर कोचच्या फळ्यावरून येत नाही, तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूने येतंय, हे धरून वाचा.

आधी थेट सांगतो. चाहता पराभव बराच काळ पचवतो. मैदानात पळणारी पाच माणसं आपलीच आहेत, असं वाटणं जेव्हा थांबतं, तेव्हा तो सुटतो. या दोन गोष्टी बऱ्याचदा एकदमच घडतात, म्हणून व्यवस्थापनाला वाटतं की पराभवामुळेच लोक गेले. डेट्रॉईटमध्ये त्या वेगवेगळ्या दिसल्या, म्हणून हे उदाहरण अभ्यासाला फार चांगलं आहे.

आमच्याकडे पुढच्या मोसमाच्या रिन्युअलचे फोन साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात. हरणाऱ्या संघाच्या तिकीटधारकाला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: "महाग पडतंय." नव्या पोरांना मी शिकवायचो की यावर लगेच सवलत देऊ नका, जरा थांबा, समोरच्याला बोलू द्या. दोन-तीन मिनिटांत खरी तक्रार बाहेर येते. "चौथ्या क्वार्टरमध्ये बॉल गेला तर कुणी मागे पळत नाही." "गेल्या वर्षी मुलाला ज्याची जर्सी घेऊन दिली तो ट्रेड होऊन दुसऱ्या संघात गेला, आता कुणाची घेऊ?" "कोच रोज वेगळीच पाच पोरं उतरवतो." यात स्कोअरबोर्ड कुठेच नाही. जो माणूस दहा मिनिटं भांडतो, तो बहुतेकदा रिन्यू करतो. "बघतो, कळवतो" म्हणून गोड बोलून ठेवणारा परत येत नाही. या धंद्यात खरी भीती या गोड बोलणाऱ्यांची असते.

आता डेट्रॉईटची ओळख कुठून आली ते बघू. कारण ती कुठल्या जाहिरात कंपनीने बनवलेली नाही. संघ मुळात इंडियानातल्या फोर्ट वेनचा. मालक फ्रेड झॉल्नर यांचा कारखाना इंजिनचे पिस्टन बनवायचा, म्हणून संघाचं नाव पिस्टन्स. 1957 मध्ये संघ मोटारींच्या राजधानीत आला आणि नाव आपोआप चपखल बसलं. पण नाव बसलं म्हणून ओळख बनत नाही. पुढची जवळपास तीस वर्षं डेट्रॉईटमध्ये बास्केटबॉल हा बेसबॉल, फुटबॉल आणि आईस हॉकीच्या मागचा चौथा गडी होता.

ओळख बनली 'बॅड बॉईज'मुळे, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या दांडगट पिस्टन्समुळे. 1981 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर आयझेया थॉमस आला, मग बिल लेम्बिअर, जो ड्युमार्स, रिक माहोर्न, डेनिस रॉडमन, आणि कोच चक डेली. 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं. मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सना त्यांनी 1988, 1989 आणि 1990 अशी तीन वर्षं ओळीने प्लेऑफमधून, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतून, घरी पाठवलं. त्या काळी बाहेरचं जग त्यांना गुंड म्हणायचं. डेट्रॉईटमध्ये मात्र लोकांना त्यांच्यात आपलं शहर दिसायचं. कारखाने बंद पडत होते, लोकसंख्या घटत होती, आणि हे लोक रिंगखाली कुणालाही फुकट बास्केट देत नव्हते.

या ओळखीची परीक्षा पुढे दोनदा झाली. पहिल्यांदा संघानेच ती फेकून दिली. 1996 मध्ये लाल-निळा रंग जाऊन हिरवट-निळा टील रंग आला आणि छातीवर जळत्या आयाळीचा घोडा. ग्रँट हिलसारखा देखणा खेळाडू होता, पण टीलच्या त्या पाच मोसमांत पिस्टन्सनी प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. 2001 मध्ये जुने रंग परत आले. गंमत म्हणजे 2022-23 मध्ये, संघ 17-65 (17 विजय, 65 पराभव) असा घसरत असताना, तीच टील जर्सी 'क्लासिक' म्हणून पुन्हा बाहेर काढली आणि लोकांनी ती आवडीने घातली. वीस वर्षांनी फसलेली गोष्टसुद्धा आपली वाटायला लागते. मार्केटिंगवाल्यांनी यातून काही शिकावं असं मला वाटत नाही, पण हे होतं खरं.

दुसरी वेळ तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची. 2000 मध्ये हिल ऑर्लँडोला गेला. बदल्यात आले बेन वॉलेस आणि चकी ॲटकिन्स. त्या दिवशी शहरात सुतकच असणार. वॉलेसला कुठल्याही संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेलं नव्हतं आणि त्याला शूटिंग जवळजवळ येत नव्हतं. पुढे चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. चॉन्सी बिलप्स अनेक संघांनी वापरून सोडलेला, रिचर्ड हॅमिल्टन वॉशिंग्टनहून ट्रेडमध्ये आलेला, रशीद वॉलेस 2004 च्या फेब्रुवारीत, मोसमाच्या मध्यात मिळालेला. सुरुवातीच्या पाचांत डेट्रॉईटने स्वतः ड्राफ्ट केलेला एकटा टेशॉन प्रिन्स, तोही 23 वा. या संघाने रशीद आल्यावर सलग पाच प्रतिस्पर्ध्यांना 70 गुणांच्या खाली रोखलं आणि अंतिम फेरीत शॅकिल ओनील-कोबी ब्रायंटच्या लेकर्सना 4-1 ने हरवलं. घोषवाक्य होतं 'गोइन टू वर्क', म्हणजे सरळ 'कामावर चाललो'. गॅलरीत लोक बेनसारखे फुगीर केसांचे टोप घालून बसायचे. 2003 ते 2008 अशी सलग सहा वर्षं हा संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत होता.

म्हणजे दोन सोनेरी काळ, माणसं पूर्ण वेगळी, पण खेळायची रीत एकच. टॅलेंट कमी असलं तरी चालेल, पण समोरच्याला सुखाने खेळू द्यायचं नाही. बाप 1989 चं सांगतो, मुलगा 2004 चं सांगतो, आणि दोघांना एकमेकांचं कळतं. संघाची ओळख याहून वेगळी काही असते असं मला वाटत नाही. रंग, लोगो, स्टेडियममधल्या निवेदकाचं लांबवलेलं 'डीऽऽऽट्रॉईट बास्केटबॉल', हे सगळं त्यावरचं लेबल.

2008 च्या नोव्हेंबरात बिलप्सला देऊन ॲलन आयव्हरसनला आणलं आणि घडी मोडली. जुने मालक बिल डेव्हिडसन 2009 मध्ये वारले, 2011 मध्ये टॉम गोअर्स यांनी संघ घेतला. मग आलं ते मला सगळ्यात धोकादायक वाटतं: ना वर ना खाली. 2009, 2016, 2019 असे तीनदा प्लेऑफ, आणि तिन्ही वेळा 4-0 ने घरी. अशा मधल्या वर्षांत चाहता चिडतसुद्धा नाही, तो विसरतो. 2017 मध्ये संघ ऑबर्न हिल्सच्या पॅलेसमधून शहराच्या मध्यभागी लिटल सीझर्स अरीनात आला. तिथल्या खुर्च्या लाल होत्या. लोक जागेवर नसले की टीव्हीवर लाल पट्टेच्या पट्टे दिसायचे. 2018 मध्ये त्या बदलून काळ्या केल्या. रिकामी लाल खुर्ची कॅमेऱ्यात ओरडते, काळी गप्प बसते. संघाच्या आजाराचं निदान मला विचाराल तर मी त्या खुर्च्यांकडे बोट दाखवेन.

2020 मध्ये ट्रॉय वीव्हर जनरल मॅनेजर झाले आणि खरी पाडापाडी सुरू झाली. इथे पुनर्बांधणीचं यंत्र थोडक्यात समजून घ्या. एनबीएमध्ये कॉलेजमधून किंवा परदेशातून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीत कमकुवत संघांचा नंबर आधी लागतो, पण वरचे क्रमांक लॉटरीने ठरतात. सर्वात वाईट संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता पूर्वी 25 टक्के होती. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच 14 टक्के केली, म्हणजे मुद्दाम हरण्याचा मोह कमी व्हावा. तळाचा संघ घसरत घसरत पाचव्या क्रमांकापर्यंत जाऊ शकतो.

पिस्टन्सचं नशीब दोन्हीकडून बघा. 2021 मध्ये त्यांना पहिला क्रमांक लागला आणि केड कनिंगहॅम आला. पण 2023 मध्ये, लीगमध्ये सर्वात वाईट कामगिरी करून, ते थेट पाचव्यावर घसरले. त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला व्हिक्टर वेम्बान्यामा सॅन अँटोनिओला गेला. 2024 मध्ये पुन्हा सर्वात वाईट, पुन्हा पाचवे. चाहत्याला तुम्ही सांगितलंत, "आज हरू, उद्या मोठा खेळाडू मिळेल", आणि उद्या लॉटरीचा चेंडू पाचवा निघाला, तर त्याच्या हातात काय उरलं? म्हणून पुनर्बांधणीत नुसतं भविष्य विकणं मला पटत नाही. आज रात्री सात वाजता काय दाखवणार, ते सांगता आलं पाहिजे.

2023 च्या जूनमध्ये मॉंटी विल्यम्स सहा वर्षांच्या 78.5 दशलक्ष डॉलरच्या करारावर आले. तोवर एनबीएतल्या कुठल्याही कोचला एवढा मोठा करार मिळाला नव्हता. मोसमाची सुरुवात 2-1 अशी झाली आणि मग 30 ऑक्टोबरपासून पराभवांची रांग लागली. पाचव्या क्रमांकावर घेतलेला जेडन आयव्ही बाकावर आणि किलियन हेज सुरुवातीच्या पाचांत. पूर्ण बाकावरची पाच पोरं एकदम मैदानात. 26 डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध कनिंगहॅमने घरच्या मैदानावर 41 गुण केले तरी हरले. तो सलग 27 वा पराभव, एका मोसमातला नवा विक्रम. दोन दिवसांनी बॉस्टनमध्ये मोठी आघाडी घेऊन ओव्हरटाइममध्ये 28 वा. शेवटी 30 डिसेंबरला टोरॉंटोला 129-127 ने हरवलं. मोसम संपला 14-68 ने.

गॅलरीतून घोषणा यायच्या: "सेल द टीम!" मालकांनी संघ विकावा म्हणून. मालकांना त्या हास्यास्पद वाटल्या. माझ्या हिशेबाने त्या रात्री अरीनातली सर्वात चांगली बातमी तीच होती. डिसेंबरच्या थंडीत, पार्किंगचे पैसे भरून, हरणार हे माहीत असताना येऊन जो घसा फोडतो, त्याने संघ अजून सोडलेला नाही. त्याने फक्त मालकाला सोडलंय. या लोकांशी वाद घालायचा नसतो, त्यांची नावं लिहून घ्यायची असतात.

आता त्याच शहरातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवा. पिस्टन्सचा 27 वा पराभव व्हायच्या दोनच दिवस आधी, 24 डिसेंबरला, शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, डेट्रॉईट लायन्सनी, 1993 नंतर पहिल्यांदा आपला डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकला. हे तेच लायन्स, जे 2008 मध्ये 0-16 हरले होते. पण मला सांगायचंय ते 2021 बद्दल. कोच डॅन कॅम्पबेल यांचं पहिलं वर्ष 3-13-1 (शेवटचा आकडा बरोबरीचा) होतं. डिसेंबरपर्यंत एकही विजय नाही. तरी लोक चिकटून होते, कारण पहिल्याच पत्रकार परिषदेत या माणसाने सांगितलं होतं की आम्हाला पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याचा चावा घेऊ. देशभर लोक हसले. मैदानावर मात्र संघ खरोखर तसा खेळला, सामन्यामागून सामना थोडक्यात हरत. 5 डिसेंबरला मिनेसोटाविरुद्ध अगदी शेवटच्या डावावर पहिला विजय मिळाला तेव्हा स्टेडियम असं उसळलं जणू विजेतेपदच जिंकलंय. तेच शहर, तोच प्रेक्षक, तशीच हरण्याची सवय. फरक एवढाच की लायन्स हरताना ओळखू येत होते आणि पिस्टन्स येत नव्हते. शहराच्या स्वभावावर खापर फोडायची सोय त्यामुळे राहत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात वीव्हर पदावरून गेले, विल्यम्सना काढलं (करारातले 65 दशलक्षांहून जास्त डॉलर देणं बाकी असताना), ट्रेजन लँगडन प्रमुख झाले आणि जे. बी. बिकरस्टाफ कोच. इथे बघण्यासारखी बाब ही की गाभा बदलला नाही. कनिंगहॅम, जेलन ड्युरन, आयझेया स्ट्युअर्ट, ऑसार थॉम्पसन, आयव्ही ही सगळी वीव्हर यांच्या काळातली पोरं. वीव्हर यांना शहरात आजही शिव्या बसतात, पण माणूस निवडण्यात त्यांची नजर पिस्टन्सचीच होती, एवढं श्रेय मी देईन. त्यांनी घर बांधायला घेतलं आणि स्वयंपाकघरात भांडी ठेवायची विसरले: शूटर नाहीत, जाणते खेळाडू नाहीत. लँगडन यांनी टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर आणले. बिकरस्टाफनी प्रत्येकाचं काम ठरवून दिलं. स्ट्युअर्टला पूर्वी रिंगपासून लांब उभं करायचे, आता तो ड्युरनच्या जागी बदली सेंटर म्हणून यायचा आणि रिंगखाली कुणाची डाळ शिजू द्यायचा नाही. तळाजवळचा बचाव लीगमधल्या वरच्या तिसऱ्या भागात गेला.

44-38. 14 वरून 44, म्हणजे तिपटीहून जास्त. 82 सामन्यांच्या लागोपाठच्या दोन मोसमांत असं कुणीच केलेलं नव्हतं. बीझलीने एकट्याने 319 तीन-गुणी बास्केट टाकल्या. आयव्हीचा पाय 1 जानेवारीला मोडला, तरी गाडी थांबली नाही. 21 एप्रिल 2025 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध 100-94 असा विजय मिळाला, तो 2008 नंतरचा प्लेऑफमधला पहिला. मधले सलग 15 प्लेऑफ सामने ते हरले होते. मालिका 4-2 ने गेली. शेवटचा सामना 1 मे रोजी डेट्रॉईटमध्ये 116-113 असा, निक्सच्या जेलन ब्रन्सनने 4.3 सेकंद राहिले असताना थॉम्पसनसारख्या बचावपटूला पाय अडखळायला लावून तीन गुण टाकले.

घरच्या मैदानावर त्या मालिकेतले तिन्ही सामने हरले, हे तुमच्या अभ्यासात जरूर लिहा. एकही घरचा विजय नसताना लोकांनी "आपला संघ परत आला" म्हटलं. मार्च महिन्यात मिनेसोटाशी झालेल्या हाणामारीत दोन्ही बाजूंचे मिळून सात जण बाहेर काढले गेले, तेव्हा 'बॅड बॉईज' हा शब्द पुन्हा सगळीकडे फिरला. मला त्या मारामारीचं कौतुक नाही. बंदी, दंड आणि एक पराभव, एवढंच पदरात पडलं. पण ओळख पटण्याचं काम तिने केलं, हे नाकारून चालणार नाही. पुढच्या मोसमात, 2025 च्या नोव्हेंबरात, सलग 13 विजयांनी त्यांनी क्लबच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी केली.

फिलाडेल्फियाच्या एनबीए संघाच्या 'प्रोसेस'चं काय, असं तुम्ही विचाराल. तिथले व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी 2013 ते 2016 दरम्यान उघडपणे हरण्याची योजनाच राबवली, शेवटच्या मोसमात 10-72 पर्यंत. तिथे चाहते टिकले, किंबहुना एक वेगळाच पंथ तयार झाला. 'ट्रस्ट द प्रोसेस' ही घोषणा लोकांनीच उचलली. माझ्या मते तिथे योजना हीच ओळख झाली: आपण इतरांहून हुशार आहोत, हा आनंद. अशी निष्ठा तापते लवकर, पण जोएल एम्बीडसारखा खेळाडू मिळूनही त्या पिढीला एकदाही पूर्व विभागाची अंतिम फेरी दिसली नाही, आणि आता तीच घोषणा टोमणा म्हणून वापरली जाते. डेट्रॉईटच्या ओळखीला निकालाची तेवढी गरज पडत नाही.

पुण्यात बसून तुम्हाला हे जरा परकं वाटेल, कारण तुमच्या शहराला आयपीएलमध्ये ही संधीच मिळाली नाही. पुणे वॉरियर्स 2011 ते 2013, रायझिंग पुणे सुपरजायंट 2016 आणि 2017. दुसरा संघ तर 2017 च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि मग कारभारच गुंडाळला. बापाने मुलाला सांगावं इतका तो टिकला नाही. पिस्टन्स डेट्रॉईटमध्ये 1957 पासून आहेत. जॉर्ज ब्लाहा यांचा आवाज समालोचनात 1976 पासून आहे, आणि बॅड बॉईजमधला माहोर्न रेडिओवर बोलतो. हरत्या वर्षांत असे धागे फार कामाला येतात. पुनर्बांधणीत खर्च कमी करायची वेळ आली तर या लोकांना हात लावू नका, असं मी प्रत्येक मालकाला सांगितलंय. काहींनी ऐकलं.

शेवटी तुमचा जोडप्रश्न: मार्चमध्ये, आशा संपल्यावर, चाहत्याने चांगल्या ड्राफ्टसाठी आपल्याच संघाच्या पराभवाची इच्छा करावी का? खुशाल करावी, तो त्याचा हक्क आहे. मात्र संघाच्या कुठल्याही नोकरदाराने, तिकीट विकणाऱ्यापासून जनरल मॅनेजरपर्यंत, ती बोलून दाखवू नये. समोरच्या माणसाने त्या रात्रीच्या सामन्याचे पैसे मोजलेले असतात. प्रबंधासाठी आकडे जमवत असाल तर एकूण प्रेक्षकसंख्या बघू नका, ती शाळांच्या सहली आणि गट-तिकिटांनी फुगवता येते. दहा वर्षांहून जुन्या सीझन तिकीटधारकांपैकी हरत्या वर्षी किती जणांनी रिन्यू केलं, एवढंच मागा. बहुतेक संघ देणार नाहीत, पण मागा.